चंद्रातला भेक

पुलाच्या ऐन मधोमध एक स्कूटर आडवी पडली होती आणि तिच्या मागच्या टोपलीतून भेक रस्त्यावर सांडत होते.

भेक म्हणजे बेडकाचा जाडजूड भाऊबंद. अंगभर पुटकुळ्या, डोळ्यांमागं दोन फुगीर गाठी, आणि चालणं असं की जणू जेवण अंमळ जास्त झालंय. बेडूक असते तर टणाटण उड्या मारत कधीच पसार झाले असते. ही मंडळी मात्र पावसात भिजत, विचार करत, एकेक पाऊल टाकत कालव्याकडं निघाली होती. त्यांच्यामागं एक तरुण ओणवा होऊन धावत होता. दोन पकडून टोपलीत टाकले, की तीन बाहेर.

छिंगहे नुकतीच बसमधून उतरली होती. क्षणभर तिनं ते दृश्य डोळे भरून पाहिलं. मग छत्री उलटी करून रस्त्यावर ठेवली, बाह्या सारल्या आणि गुडघे टेकून बसली.

"ओरडू नका हं," तो मान वर न करताच म्हणाला. "चावत नाहीत."

"मी कुठं ओरडतेय? तुमच्या डाव्या बुटामागं एक आहे. हलू नका... हं, सापडला."

आता त्यानं वर पाहिलं. शहरी पोशाखातली एक मुलगी पावसात चिंब भिजत होती आणि तिच्या उलट्या छत्रीत सहा-सात भेक मांडी घालून बसल्यासारखे बसले होते.

"पडलात कसे?" तिनं विचारलं.

"बदकं आडवी आली. बदकांना वाट दिली, आणि भेकांनी वाट धरली."

ती हसली. ओल्या केसांची बट डोळ्यांवर आली होती, ती सारायला तिनं हात उचलला... आणि तो अधांतरीच अडकला. त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

"त्या हातानं डोळ्याला नको! यांच्या गाठींतलं दूध डोळ्यात गेलं ना, तर रडून रडून बेजार व्हाल."

"माहितीये मला," ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. फक्त आत्ता, या घटकेला, विसरायला झालं होतं.

पाऊस पडत होता. एक भेक छत्रीच्या काठावर चढून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मनगट अजून त्याच्या हातात आहे हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यानं ते असं सोडलं जणू चटका बसला, आणि मग उगाचच स्कूटर उभी करायला गेला.

"तुम्ही भेक पाळता?" तिनं मागून विचारलं.

"पाळतो. का?"

"मी भेक पाळणारा माणूसच शोधायला आलेय."

"अरे वा! मुली गावात नवरा शोधायला येतात असं ऐकलं होतं..."

"त्याचं नंतर बघू," छिंगहे म्हणाली. "आधी भेक."

*

त्याचं नाव हाइशंग. कालव्यापलीकडं दुधीभोपळ्याच्या मांडवाखाली त्याचं भेकांचं कुरण होतं; त्यांच्या गाठींतलं दूध तो देशी औषधवाल्यांना विकायचा. चारी बाजूंनी बुटकी भिंत, मध्ये ओलसर चर, आणि किडे यावेत म्हणून टांगलेले दिवे. काही वर्षं शांघायात मोबाइल विकून तो परत आला होता. का परत आलास, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "भेक तक्रार करत नाहीत." घरात त्याची आत्या होती. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि तिचा आवाज कालव्याच्या दोन्ही काठांना पुरत असे.

"भेकाला हात लावते?" आत्यानं पहिल्याच दिवशी छिंगहेला खालून वर न्याहाळलं. "मग आमच्या पोराला घाबरायचं काही कारण नाही. तो दिसायला यांच्यापेक्षा बरा आहे."

"आत्या!"

"थोडाच बरा आहे, असं म्हणतेय मी. बस गं पोरी, भात खा."

छिंगहे नानथोंग शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम करायची. तिथं तिला एक टेबल होतं, काचेच्या बश्या होत्या, आणि डोक्यात बसलेला एक प्रश्न होता. तो तिनं आत्याच्या ओट्यावर, भाताच्या वाडग्यासमोर बसून समजावून सांगितला.

"आत्या, भेक राहतो कुठं?"

"चिखलात."

"चिखलात काय असतं?"

"घाण."

"घाणीत जिवाणू असतात. इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या पायाला काटा लागला आणि त्या चिखलात पाय गेला, तर जखम पिकते. भेकाच्या अंगाला रोज ओरखडे पडतात. त्याची कातडी ओली, उघडी. मग त्याची जखम का सडत नाही?"

आत्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "हे मी कधी मनातच आणलं नव्हतं."

"त्याच्या कातडीतून जो रस येतो, गाठींतून जे पांढरं दूध येतं, त्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी असावं. ते आहे की नाही, एवढंच मला बघायचंय."

"आणि ते कसं दिसतं?" हाइशंगनं विचारलं. तो खांबाला टेकून उभा होता, जेवण विसरून.

छिंगहेनं पिशवीतून एक सीलबंद बशी काढली. तिच्यात समुद्री शेवाळाची जेली होती, वर धुक्यासारखा पांढुरका थर. "हे शेत आहे असं समजा. जेली म्हणजे जमीन. तिच्यावर मी जिवाणू पेरले आणि रात्रीत ते असे उगवले, काठापासून काठापर्यंत. आता पेरल्याबरोबर मध्ये भेकाच्या दुधाचा एक थेंब ठेवला, आणि त्यात खरंच दम असला, तर त्या थेंबाभोवती काही उगवणार नाही. धुक्यात एक गोल, स्वच्छ वर्तुळ दिसेल."

हाइशंग बशीकडं बघत राहिला. "चंद्रासारखं," तो म्हणाला.

"हो... चंद्रासारखंच."

"आमच्याकडं मुलांना सांगतात, चंद्रात एक भेक बसलाय. तुम्ही त्याला बशीत बसवायला निघालात."

संस्थेत छिंगहेनं हे काम वीसेक जणांना तरी समजावलं होतं, पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग तिनं वडिलांचंही सांगितलं. वडील बंदरावर जाळी विणायचे. शिंपल्याची कड पायात घुसली, जखम चिघळली. डॉक्टरांनी एक औषध दिलं, मग दुसरं, मग तिसरं. जिवाणू त्या औषधांना सरावले होते, दाद देईनात. पाय वाचला, पण चालणं लंगडं झालं. "माझ्या बशीतून उद्या औषध निघेल असं नाही," ती म्हणाली. "त्याला पुष्कळ वर्षं लागतात, आणि पुष्कळ माणसं. पण दार कुठल्या भिंतीत आहे, ते तरी कळेल."

तिच्या विभागाच्या प्रमुख वेई बाईंनी तिला सणापर्यंतची मुदत दिली होती. पाचव्या महिन्याचा सण झाला की समिती येणार. तोवर वर्तुळ दिसलं तर टेबल तिचं. नाही दिसलं तर टेबल दुसऱ्याला, आणि छिंगहेची बदली श्यूचौला.

"तिथं काय आहे?" हाइशंगनं विचारलं.

"डुकरांच्या खाद्याचा विभाग."

"लांब आहे का?"

"रेल्वेनं अर्धा दिवस."

तो तडक कुरणात गेला आणि सर्वांत गुबगुबीत भेक घेऊन आला.

दूध काढायला तिनं पिशवीतून तांब्याचा चिमटा काढला, तेव्हा तो चकित झाला. लोखंड लागलं की हे दूध काळं पडतं, म्हणून या कामाला तांबं किंवा बांबू वापरतात. "हे पण तुमच्या पुस्तकात असतं?"

"असतं की. तुम्हाला काय वाटलं, सगळी हुशारी मांडवाखालीच पिकते?"

"मला वाटलं, एक तरी गोष्ट मला शिकवायला मिळेल."

"मग भेक कसा धरायचा ते शिकवा. माझ्या हातातून निसटतोय."

तिला तो उत्तम धरता येत होता. पुलावर तिनं सात धरले होते, आणि ते त्यानं पाहिलंही होतं. तरी त्यानं मन लावून शिकवलं, आणि तिनं मन लावून शिकून घेतलं. डोळ्यांमागची गाठ हळूच दाबायची. बदाम दुधात वाटल्यासारखे पांढरे थेंब चिनी मातीच्या वाटीत घ्यायचे. मग भेकाला पाणी शिंपडून चरात सोडायचं आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही.

"रागावतो का हो तो?" तिनं विचारलं.

"दिवसभर फुगून बसतो. मग एखादा किडा दिसला की विसरतो. माणसापेक्षा बरा."

*

पहिली खेप वाया गेली. बसमध्ये उकाडा होता, दूध फाटलं, आणि बशीत काठापासून काठापर्यंत नुसतं धुकं. दुसऱ्या खेपेला हाइशंगनं मासळीच्या पेटीत बर्फ भरला, वाटी त्यात रोवली, आणि छिंगहेला स्कूटरवर मागं बसवून थेट शहरात पोचवलं. वाटेत मोहरीची कापलेली शेतं, कालव्यात होड्या. ती पेटी दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती.

"नीट धरा," तो ओरडला.

"धरलीये पेटी!"

"पेटीचं नाही म्हणत मी..."

वाऱ्यात पुढचं ऐकू आलं नाही. निदान तिनं तसं दाखवलं.

त्या खेपेला बशीत थेंबाभोवती काहीतरी पुसटसं होतं, पण वेई बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून म्हटलं, "हे वर्तुळ आहे असं तुला वाटतंय. मला दिसलं पाहिजे."

मग सणाचा दिवस उजाडला. दारोदार दवण्यासारख्या वासाच्या पानांच्या जुड्या लटकल्या, घराघरातून बांबूच्या पानांत बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या शिजल्याचा वास सुटला. समिती परवा सकाळी येणार होती. आजचं दूध हे शेवटचं.

छिंगहे पोचली तेव्हा आत्या ऐन भरात होती. हातात एक वाडगं, त्यात मनशीळ या खनिजाची पूड कालवलेली पिवळीजर्द तांदळाची दारू. सणाला या दारूचं बोट मुलांच्या कपाळाला लावतात, म्हणजे वर्षभर विंचू-काट्याची, रोगराईची बाधा होत नाही. आत्याला मुलं कमी पडत होती. तिनं हाइशंगच्या कपाळाला बोट लावलं, मांजराला लावलं, मग छिंगहेला जवळ ओढून तिलाही लावलं.

"आत्या, मी लहान आहे का?"

"माझ्यापुढं आहेस. हात इकडं कर." आत्यानं तिच्या मनगटाला पाच रंगांचा रेशमी दोरा बांधला. "सणानंतर पहिला पाऊस आला की हा सोडायचा आणि वाहत्या पाण्यात टाकायचा. वर्षाची पीडा जाते."

हाइशंगनं त्या मनगटाकडं पाहिलं आणि चटकन नजर वळवली. त्याच्या कपाळावर पिवळा ठिपका होता आणि कान लाल झाले होते.

दूध भरपूर निघालं. वाट्या बर्फात गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छिंगहेनं उबेच्या कपाटाचं दार उघडलं आणि पहिली बशी बाहेर काढली.

धुक्यात चंद्र उगवला होता. गोल, स्वच्छ, मोठा... आणि मधोमध थेंबाचा ठिपका, भेकासारखा बसलेला. प्रत्येक बशीत.

वेई बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "हे मला दिसतंय," त्या म्हणाल्या.

छिंगहेनं जिन्यातूनच फोन लावला. "हाइशंग! आला! चंद्र आला! भेकासकट आला!"

पलीकडून जोराची आरोळी आली. ती स्कूटरचं, बर्फाचं, गुबगुबीत भेकाचं सगळं एका दमात बोलत सुटली. ज्या वाट्यांमध्ये दूध घेतलं त्या वाट्यासुद्धा तिला आता लाडक्या वाटत होत्या. आणि त्यानंतर पलीकडं एकदम शांतता पसरली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "वाट्या..." आणि फोन ठेवला.

*

दुपारी तो संस्थेच्या फाटकाशी उभा होता. पाऊस नव्हता, पण आभाळ जड झालं होतं. इतकं अंतर त्यानं न थांबता कापलं होतं. चेहऱ्यावर धूळ, आणि कपाळावर अजून कालचा पिवळा डाग.

छिंगहे धावतच आली. "आत या, दाखवते तुम्हाला..."

"आधी ऐका. आत्यानं काल तुमच्या वाट्यांना पण बोट लावलं होतं."

"कसलं बोट?"

"मनशिळेच्या दारूचं. मुलांच्या कपाळाला लावतात तसं. वाट्यांच्या आतून. म्हणाली, पोरीच्या कामाला बाधा नको. मी तिला वाट्यांच्या फळीपाशी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही. तुम्ही फोनवर वाट्यांचं बोललात, तेव्हा लख्खकन आला. मनशीळ हे विषच आहे ना? मग जिवाणू भेकानं मारले, की..."

त्याला वाक्य पुरं करावं लागलं नाही. छिंगहे फाटकाच्या कट्ट्यावर बसली. डोळ्यांसमोरचा चंद्र विरघळून गेला.

"उद्या समिती आहे," ती म्हणाली. "उद्या! आणि तू आज येऊन हे सांगतोयस? फोनवर का नाही बोललास? सकाळी तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"फोनवर धीर झाला नाही." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "खरं सांगू? वाटेत दोनदा स्कूटर थांबवली मी. वाटलं, कुणाला कळणार आहे? गप्प बसलो तर तुम्ही इथंच राहाल. आठवड्याला कुरणावर याल, आत्याच्या हातचं जेवाल... मला दुसरं काय हवंय?"

"मग?"

"मग आठवलं, तुम्ही म्हणाला होता, दार कुठल्या भिंतीत आहे ते बघायचंय. मी गप्प बसलो असतो, तर तुम्ही आयुष्यभर नुसत्या भिंतीवर टकटक करत राहिला असता. आणि मी शेजारी उभा राहून बघत बसलो असतो. ते मला... जमलं नसतं."

छिंगहेनं त्याच्याकडं पाहिलं. राग कुठं ठेवला होता ते तिला आठवेना.

"चूक आत्याची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. रिकामी वाटी पाण्यानं विसळून त्या पाण्याचाही एक थेंब ठेवायचा असतो. म्हणजे वाटीत आधीपासून काही होतं का, ते कळतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. काल घाईत मी ते गाळलं."

ती उठली. "चला."

"कुठं?"

"वेई बाईंकडं. मला एकटीला भीती वाटते."

वेई बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मांजराच्या कपाळाचंसुद्धा. मग घड्याळाकडं पाहिलं. "बशीला उगवायला रात्र लागते. समिती सकाळी येणार. म्हणजे आज रात्र चढायच्या आत थेंब बशीत पडला, तरच उपयोग. दूध आहे?"

छिंगहेनं हाइशंगकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. कुरणातले सगळे भेक काल पिळून झाले होते. त्यांच्या गाठी रिकाम्या होत्या.

"मग रानातले पकडा," बाई म्हणाल्या.

"बाई, काल सण होता," हाइशंग म्हणाला. सणाच्या दुपारी पकडलेल्या भेकाचं दूध सर्वांत जालीम, अशी तिकडं समजूत. त्यामुळं त्या दिवशी सगळा गाव विकण्यासाठी भेकांमागं धावतो, आणि दुसऱ्या दिवशी शेतात औषधालाही भेक उरत नाही. "जे होते ते सगळे पकडून..."

तो मध्येच थांबला. छिंगहेही थांबली. दोघं एकाच वेळी म्हणाले,

"...घराघरात ठेवलेत!"

*

आत्यानं आधी कपाळावर हात मारला, मग बाहीनं डोळे पुसल्यासारखं काहीतरी केलं, मग टोपली उचलली.

"माझ्या बोटानं घोळ झालाय ना? मग माझ्याच तोंडानं निस्तरते."

आणि ती कालव्याच्या काठानं निघाली. "अगं ए, तुझ्या माठाखालचा भेक दे! हो, तोच! औषधवाला त्याचे काय देणार? मी तुला वर्षभर भोपळे देते! नाही कसं म्हणतेस? तुझ्या लेकीच्या लग्नात भांडी कुणी घासली?" पुढच्या दारात, "काका, भेक! विचारू नका, द्या!" दारं उघडत गेली. बादलीतले, माठाखालचे, पाटीखालचे भेक बाहेर आले. कुणी टोपलीत टाकले, कुणी स्वतःच हातात घेऊन आत्याच्या मागं निघाले. थोड्याच वेळात कालव्याच्या काठानं एक मिरवणूक येताना दिसली. पुढं आत्या, मागं बायाबापड्या, आणि प्रत्येकीच्या हातात फुगून बसलेला एक रागीट भेक.

छिंगहे मांडवाखाली उभी राहून बघत होती. हाइशंग तिच्या कानाशी म्हणाला, "आमच्याकडं वरातही अशीच निघते. फक्त भेक कमी असतात."

"काम कर," ती म्हणाली. पण हसू लपलं नाही.

या वेळी वाट्या तिनं स्वतः उकळल्या. आत्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते आणि फळीपासून दहा हात लांब उभी होती. दूध वाटीत पडलं. मग छिंगहेनं आणखी दोन कुप्या घेतल्या. एकीत नुसतं वाटी विसळलेलं पाणी, दुसरीत आत्याची मनशिळेची दारू.

"ती कशाला नेतेस?" आत्यानं घाबरून विचारलं.

"तीन थेंब शेजारी शेजारी ठेवायचे. पाणी, दारू, आणि भेक. प्रत्येकाला आपापलं बोलू द्यायचं. मग कोण काय म्हणतंय ते कळतं."

सूर्य कालव्यात बुडत होता तेव्हा स्कूटर सुटली. छिंगहेनं पेटी एका हातानं धरली होती. दुसरा हात कुठं होता, ते आत्यानं लांबूनच पाहिलं आणि समाधानानं आत गेली.

*

सकाळी समितीतली माणसं चहा घेत होती. हाइशंग आणि आत्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. आत्यानं नवा सदरा घातला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती.

छिंगहेनं कपाटाचं दार उघडलं. बशी उजेडात धरली.

पाण्याच्या थेंबाभोवती नुसतं धुकं. काठापर्यंत.

दारूच्या थेंबाभोवती एक वर्तुळ.

आणि तिसऱ्या थेंबाभोवती...

ती खिडकीशी गेली. दुसरी बशी घेतली, मग तिसरी. सगळ्यांत तेच. कालच्यापेक्षा लहान, पण कडेनं रेखल्यासारखं, निखळ. यात कुणाचं बोट नव्हतं. हा चंद्र भेकाचा होता, फक्त भेकाचा.

वेई बाई तिच्या खांद्यावरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "समितीपुढं तिन्ही थेंब दाखव. आणि कालच्या बशीत काय चुकलं, तेही सांग. तेच आधी सांग."

तिनं तेच आधी सांगितलं. समितीतले एक पोक्त गृहस्थ मांजराच्या कपाळावर हसले, मग गंभीर झाले, मग बशी हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. छिंगहे बाहेर आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच बाकावर सगळं कळलं.

"टेबल?" हाइशंग उठून उभा राहिला.

"माझं! आणि मदतीला दोन माणसं. आणि पुढच्या वर्षीचं कामही मंजूर!"

आत्याचा आवाज परत आला, तो आख्ख्या इमारतीला ऐकू गेला. "आणि माझी दारू?"

"तिनं पण वर्तुळ पाडलं, आत्या."

"बघ!" आत्या विजयी मुद्रेनं म्हणाली. "मी उगाच लावत नव्हते!"

*

संध्याकाळी ते दोघं पुलावर होते. टोपली भेकांनी भरलेली. गावानं दिलेले पाहुणे, आता सुट्टी मिळालेले. भोपळ्यांचं देणं मात्र आत्याच्या डोक्यावर तसंच होतं.

हाइशंगनं स्कूटर नीट उभी केली. या वेळी बदकं नव्हती. त्यानं आणि छिंगहेनं मिळून टोपली हळूच कलती केली, आणि भेक एकेक पाऊल टाकत, मागं वळूनही न बघता, गवतात निघाले.

तेवढ्यात थेंब पडला. मग दुसरा. आणि मग सरच आली.

"सणानंतरचा पहिला पाऊस," तो म्हणाला. "दोरा सोडायचा असतो."

तिनं मनगट पुढं केलं. त्यानं ओल्या बोटांनी गाठ सोडली. गाठ आत्याची होती, सहज सुटणारी नव्हती, आणि त्यालाही घाई नव्हती. पाच रंग कालव्यात पडले, वळले, वाहून गेले.

"काल फाटकाशी तू मला 'तू' म्हणालीस," तो पाण्याकडं बघत म्हणाला.

"रागात होते."

"आज?"

"आज राग नाही." ती थांबली. "पण सवय लागली."

तो हसला. मग हसू ओसरलं आणि त्याचा आवाज खाली आला. "छिंगहे, मला बोलता येत नाही फारसं. भेकांत राहून राहून... पण पहिल्या दिवशी तू म्हणाली होतीस, आधी भेक, त्याचं नंतर बघू. तर भेक झाले. आता..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाचं की कशाचं, ते तिलाच ठाऊक. तिनं ते पुसायला हात उचलला, आणि तो अधांतरीच अडकला.

"त्या हातानं नको," हाइशंग म्हणाला.

"आता बघितलं," ती म्हणाली.

"काय?"

"ते 'नंतर'. बघितलं. पसंत आहे."

गवतातून एक भेक ओरडला. मग दुसरा, मग काठाकाठानं सगळेच, जणू गाव पुन्हा मिरवणूक घेऊन निघालं होतं. पाऊस वाढला.

"मनगट सोडू का?" त्यानं विचारलं.

"मी म्हटलं का सोड?"